चार सुताचा पाना

खंडेनवमीच्या दिवशी फोनवर तुम्ही दोघांनी एकदमच विचारलं होतं, "आजी, आजोबा तुला डब्ल्यू का म्हणतायत?" मी "इंजिनाचा आवाज फार आहे, काही ऐकू येत नाही" असं म्हणून फोन इंजिनाकडे फिरवला. ऐकू मला नीट आलं होतं. पण उत्तर लांबलचक होतं, आणि त्यात उत्तर देणारीची शोभा नव्हती. आता आजोबांनी सांगायच्या आत मीच लिहून काढते. ते सांगतील तेव्हा त्यात मी याहून जास्त मूर्ख दिसेन आणि ते स्वतः याहून जास्त शहाणे.

मी चौतीस वर्षं हायस्कुलात इंग्रजी शिकवलं. तुमचे आजोबा साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते, पुढे फोरमन झाले. पाना म्हणजे नट फिरवायचं हत्यार, तुम्ही ज्याला स्पॅनर म्हणता ते. "आमची पानं उलटणारी आणि जावई पाने फिरवणारे," असा विनोद माझ्या वडिलांनी लग्नात केला होता. तो मला तेव्हा आवडला नव्हता. आता मीच सगळ्यांना सांगते.

निवृत्त झाल्यावर काही जण भजनी मंडळात जातात, काही जण पारावर बसून देश चालवतात. तुमच्या आजोबांनी जुनी हत्यारं जमवायला घेतली. मनमाड रोडवरचं एखादं जुनं गॅरेज बंद पडलं की लोक हळहळायचे आणि आजोबा पिशवी घेऊन निघायचे. नगरच्या जुन्या बाजारातले दुकानदार यांना लांबून ओळखतात. कर्जतला एका लग्नाला गेलो होतो, तर अक्षतांपर्यंत धीर न निघून हे आठवडे बाजारात जाऊन आले. पंगतीत बसले तेव्हा खिशातून लाकडी मुठीचा भला मोठा स्क्रू ड्रायव्हर डोकावत होता. वाढणाऱ्या बाईंनी मला हळूच विचारलं, "हे मांडववाल्यांपैकी का?" मी म्हटलं, "हो, जेवून मांडव सोडायचाय."

घरी आणलेल्या वस्तूचे सोहळे ठरलेले. आधी रॉकेलमध्ये रात्रभर भिजत. मग तारेचा ब्रश. मग ती खिडकीपाशी नेऊन, तिरकी धरून तिच्यावर ठोकलेली अक्षरं शोधायची. एखादं अक्षर उमटलं की यांचा चेहरा असा फुलतो, की तसा चेहरा मी आमच्या लग्नाच्या अल्बममध्ये शोधला, मला सापडला नाही. आपलं नगर लष्कराचं गाव, त्यामुळे जुन्या लिलावातलं लोखंड इथे बरंच फिरतं. काही पान्यांवर कोंबडीच्या पायासारखी तीन रेघांची खूण असते. मला वाटायचं कुणीतरी ओरखडलंय. तो बाण आहे, आणि ती इंग्रज सरकारच्या मालाची खूण आहे, हे आजोबांनी मला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "सरकार गेलं, कोंबडी राहिली." ते हसले नाहीत. हत्यारांच्या बाबतीत ते हसत नाहीत.

एव्हाना ही हत्यारं पलंगाखाली, माळ्यावर आणि माझ्या लोणच्याच्या फळीवर आली होती. त्यातच यंदाच्या पावसात मळ्यातल्या इंजिनघराचे पत्रे गळू लागले, म्हणून तिथलंही सगळं लोखंड यांनी एका पोत्यात भरून घरी आणलं. आणि लगेच यांच्या मोतीबिंदूची तारीख आली. नगरला ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं: महिनाभर वाकायचं नाही, धुळीत हात घालायचा नाही, डोळा चोळायचा नाही.

मी संधी साधली. एक दोनशे पानी वही आणली, रकाने आखले: अनुक्रमांक, वर्णन, माप, खूण, कुठून आला, शेरा. पानांना नंबर घातले, म्हणजे कुणाला फाडता येऊ नयेत. हे कलम मी दुसऱ्यांसाठी घातलं होतं. पहिल्या पानावर नियम लिहिला आणि यांना वाचून दाखवला: एकाच मापाच्या दोन वस्तू असल्यास एकच ठेवावी, दुसरी भंगारात द्यावी.

हे डोळ्यावर हिरवा चष्मा लावून पडले होते. म्हणाले, "कबूल. माझ्याकडे एकासारखं एक काही नाही."

"ते मी ठरवीन."

"तुला मापं कळतात का पण?"

"मी काय फूटपट्टी आज बघतेय?"

"मग काही प्रश्नच नाही," असं म्हणून त्यांनी कूस बदलली. हे वाक्य लक्षात ठेवा, त्यांनी मला अडवलं नव्हतं.

रोज दुपारी दोन ते चार मी अंगणातल्या जांभळाखाली बसायचे. आधी रॉकेलच्या फडक्याने पुसायचं, मग भिंगातून अक्षरं वाचायची, मग पट्टीने माप घ्यायचं, मग वहीत नोंद. खरं सांगते, मला ते आवडायला लागलं. गंजाखालून एकेक अक्षर वर यायचं तेव्हा एखाद्या मठ्ठ मुलाने अचानक बरोबर उत्तर द्यावं तसं वाटायचं. पण हे मी यांना सांगितलं नाही.

तर एक्केचाळीस नंबर. लहानसा पाना, त्यावर अर्धा इंच असं ठोकलेलं. पट्टी लावली, तोंड बरोबर अर्धा इंच. शेरा: योग्य.

बेचाळीस नंबर. वीतभर लांबीचा, जाड, एकाच बाजूला तोंड असलेला, मागच्या टोकाला भोक. त्यावरही ठोकलेलं अर्धा, आणि पुढे इंग्रजी डब्ल्यू. पट्टी लावली तर तोंड इंचाला जरासं कमी. अर्धा लिहिलंय आणि आहे जवळजवळ दुप्पट! मी तीनदा मोजलं. मग त्या डब्ल्यूकडे पाहिलं आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

तुम्हाला सांगायला हवं, मी मुलांच्या वह्या लाल शाईने तपासायचे. स्पेलिंग चुकलं की समासात एस, शब्दच चुकला की डब्ल्यू. डब्ल्यू म्हणजे राँग. चौतीस वर्षं मी समासात डब्ल्यू घातले, हजारो असतील. त्यामुळे त्या पान्यावरचा डब्ल्यू मला ओळखीचा वाटला, सहकारी शिक्षकाची सही दिसावी तसा. माल चुकला, मापापेक्षा तोंड मोठं झालं, तर त्या कारखान्याने लपवालपवी न करता त्याच्यावर 'चूक' असा ठसा मारला. त्या कारखानदाराच्या प्रामाणिकपणाचं मला इतकं कौतुक वाटलं, की मी मनात म्हटलं, हे यांना सांगायला हवं. पण हे झोपले होते.

मापाच्या रकान्यात लिहिलं: अर्धा इंच. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: चुकीचा, द्यावा.

दुसऱ्याच दिवशी हायवेवरच्या भंगारवाल्या मावशी हातगाडी घेऊन दारावरून गेल्या. मी सात वस्तू दिल्या आणि त्याबदल्यात एक चहाचं गाळणं घेतलं. शेऱ्यात 'द्यावा'च्या पुढे 'दिला' लिहिलं. गाळणं चांगलं निघालं.

खंडेनवमीला आठ दिवस राहिले तेव्हा डॉक्टरांनी चष्मा काढायची परवानगी दिली. खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारांची पूजा असते आणि त्या दिवशी आजोबा मळ्यातलं आपल्या वडिलांचं जुनं ऑइल इंजिन वर्षातून एकदा चालवतात. पाणी उपसायला विजेची मोटर आहे. इंजिन फक्त ऐकण्यासाठी. यंदा तुम्हाला ते फोनवर ऐकवायचं त्यांनी कबूल केलं होतं आणि तुम्ही शाळेत सांगूनही टाकलं होतंत.

"गेल्या वर्षी हेडमधून दाब सुटत होता," आजोबा म्हणाले. "नट आवळल्याशिवाय चालवायचं नाही. जरा तो चार सुताचा पाना दे."

हेड म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, आणि सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. आपल्याकडचे मिस्तरी अजून सुतात बोलतात. चार सूत म्हणजे अर्धा इंच, एवढं गणित मला येतं. मी वही उघडली, एक्केचाळीस नंबर काढला आणि ऐटीत त्यांच्या हातात ठेवला.

त्यांनी पाहिलंसुद्धा नाही, नुसता तळहातावर तोलला. "हा नव्हे. हा अर्ध्या इंचाचा."

"चार सूत म्हणजे अर्धाच इंच ना?"

"हो."

"मग?"

"मग काय? हा अर्ध्या इंचाचा. मला चार सुताचा पाहिजे."

मला वाटलं, डोळ्यांत घातलेले थेंब डोक्यात गेले. मग ते म्हणाले, "अगं, वडिलांचा पाना. जाडजूड, एका तोंडाचा, मागे भोक आहे बघ. त्या भोकात सुतळी ओवून वडील तो कमरेला बांधायचे."

वडिलांचा पाना, वडिलांचा पाना असं मी लग्न झाल्यापासून ऐकत आले होते. पण काही नातेवाइकांचं असतं ना, नाव पाठ आणि तोंड माहीत नाही, तसं या पान्याचं झालं होतं. तो इंजिनघरात खिळ्याला टांगलेला असायचा आणि मी इंजिनघरात कधी गेले नव्हते. मळा आणि इंजिन सोडलं तर वडिलांकडून आजोबांकडे दोनच गोष्टी आल्या, तो पाना आणि ते नाक. त्यातली एक मी गाळण्यावर दिली होती.

"शोधते," मी म्हटलं.

"शोधते?" आजोबांनी नव्या डोळ्याने माझ्याकडे रोखून पाहिलं. "तुला शोधावं लागतंय? तुला?"

"माळ्यावर असेल."

एवढ्या वर्षांत या घरात मला एखादी वस्तू शोधावी लागली नव्हती. त्यांना खोटं कळलं नाही, पण काळजी वाटली. संध्याकाळी मुद्दाम म्हणाले, "तूही एकदा डोळे दाखवून ये." दुसऱ्या दिवशी ते आपले बाकीचे पाने घेऊन मळ्यात गेले आणि तासाभरात परत आले. "तेवीस मिलिमीटरचा बसत नाही, चोवीसचा नुसताच फिरतो," म्हणाले. "तोंड कमी-जास्त होणारा स्क्रू पाना लावला तर नटाचे कोपरे झिजतील. राहू दे. नाही सापडला तर यंदा नाही चालवायचं. मुलांना सांगू, पुढच्या वर्षी." आणि चहा मागितला. मी चहा गाळला. त्या गाळण्यातून चहा गाळताना मला काय वाटलं असेल ते तुम्ही समजून घ्या.

बँकेत जाते असं सांगून मी हायवेवरच्या भंगाराच्या शेडवर गेले. मावशी पत्र्याच्या सावलीत बाटल्या निवडत होत्या.

"मावशी, मी सात वस्तू दिल्या होत्या. त्यातला एक जाड पाना, मागे भोक असलेला..."

"त्यो व्हय? त्यो कवाच गेला. फाट्यावरल्या मिस्तऱ्यानं पोत्यात हात घातला आन् नाचायलाच लागला की हो. मला म्हनला, ह्यो कुनी येड्यानं टाकला?" मग त्यांच्या लक्षात आलं. "म्हंजी, तुमास्नी न्हाई म्हनला, बाई."

"नाही, बरोबर म्हणाला."

"गाळनं कसं हाय?"

"गाळणं चांगलं आहे."

फाट्यावरच्या मिस्तऱ्याचं गॅरेज म्हणजे चिंचेखाली टाकलेले चार पत्रे. तो जुने पंप आणि इंजिनं दुरुस्त करतो. मी गेले तेव्हा तो एका पंपाखाली पाय बाहेर काढून झोपला होता. मला पाहून सरपटत बाहेर आला, हात पुसले आणि पंचावन्न वर्षांचा माणूस वर्गात उभा राहावा तसा ताठ उभा राहिला. माझाच विद्यार्थी. नववीत दोनदा होता.

भिंतीवर खिळ्यांच्या रांगेत त्याचे पाने टांगलेले होते. प्रत्येकाच्या दांड्याला हिरव्या ऑइलपेंटचा पट्टा, चोरीला गेला तर ओळखू यावा म्हणून. तिसऱ्या खिळ्यावर माझा बेचाळीस नंबर होता. हिरव्या पट्ट्यासकट.

"तो मला परत हवाय," मी म्हटलं.

"ह्यो? बाई, ह्यो तुमी टाकला हुता?" त्याच्या चेहऱ्यावर आधी आश्चर्य आलं, मग हळूहळू असं हसू आलं की ते मी त्याच्या नववीच्या दोन्ही वर्षांत पाहिलं नव्हतं. "का टाकला पर?"

"मापाचा चुकला होता. अर्धा लिहिलंय, आणि तोंड बघ केवढं आहे. शिवाय त्यावर डब्ल्यू आहे."

"मंग?"

"डब्ल्यू म्हणजे..." मी बोलायची थांबले. त्याने मात्र ओळखलं.

"राँग!" तो ओरडलाच. पंपवाला शेतकरी बाजेवर झोपला होता तो दचकून उठला. "माझ्या वहीत लिवायच्या तुमी! लाल शाईनं! एका पानावर सतरा डब्ल्यू हुते, बाई, माझ्या आईनं मोजले. तिला वाटलं नक्षी काढलीया."

"झालं हसून?"

"न्हाई झालं अजून. पर्समधी पट्टी हाय का? असंलच."

होतीच. त्याने डब्यातून एक बोल्ट काढला आणि माझ्या हातात दिला. "ह्येची जाडी मोजा. डोक्याची न्हाई, आटे पाडल्यात त्या दांड्याची."

मी मोजली. "अर्धा इंच."

"म्हंजी किती सूत?"

"चार."

"आता ह्येचा नट. ह्येच्यावर बसतोय का बगा." त्याने खिळ्यावरचा पाना काढून नटाला लावला. खटकन बसला. "बाई, ह्या जुन्या इंग्लिश पान्यांचं नाव तोंडावरनं नस्तं. बोल्टावरनं अस्तं. चार सुताचा बोल्ट, म्हनून चार सुताचा पाना. तोंड किती का आसंना. आन् डब्ल्यू म्हंजी त्या आट्याचं माप ज्या इंग्रज सायबानं ठरवलं त्याच्या आडनावाचं पयलं अक्षर. माणूस हाय त्यो. चूक न्हाई."

"कळलं."

"पाना कशावरनं?"

"बोल्टावरून."

"मोठ्यानं, बाई. मागच्या बाकावर आयकू आलं न्हाई."

"बोल्टावरून!" मी म्हटलं. बाजेवरचा शेतकरी म्हणाला, "आयकू आलं."

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग मी त्याला सांगितलं, तो पाना कुणाचा आहे ते. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. कारखान्यात तो तुमच्या आजोबांच्याच हाताखाली काम शिकला. त्याने पाना बनियनला पुसला, कपाळाला लावला आणि त्या हिरव्या पट्ट्याकडे बघत बसला.

"सायबांच्या वडलांच्या हत्यारावर म्या रंग लावला," तो म्हणाला. "लई वंगाळ झालं."

"तुला काय माहीत?"

"म्हाईत नव्हतं खरं." मग पाना माझ्या हातात देत म्हणाला, "घिऊन जावा. पर सायबांना सांगायचं तुमी. खंडेनवमीला हँडल माराया मीच येनार हाय, डाक्टरनी त्यांना जोर लावाया मनाई केलीया. त्यांनी मला ह्या पट्ट्याचं इचारलं, तर मी खोटं बोलनार न्हाई. तुमीच शिकिवलंय."

हे मी खरंच शिकवलं होतं. मी शिकवलेलं एवढंच त्याच्या लक्षात राहिलं असावं, आणि तेही नेमकं आताच त्याला आठवलं.

खंडेनवमीच्या आदल्या दुपारी हे झोपले असताना मी तासभर रॉकेलने तो पट्टा घासला. बराचसा गेला. पण दांड्यावर ठोकलेली अक्षरं असतात ना, त्यांच्या खाचांतला हिरवा काही लवकर निघेना. अर्ध्याच्या आकड्यांतला गेला, मधल्या आडव्या रेघेतला गेला, डब्ल्यू तेवढा हिरवागार राहिला. टूथपिकनेही कोरून पाहिला. मग संध्याकाळी "सापडला" असं सांगून पाना फडक्यात गुंडाळून यांना दाखवला. "कुठे होता?" त्यांनी विचारलं. "तुमच्याच पोत्यातून आला होता," मी म्हटलं, आणि ते खोटं नव्हतं. त्यांनी फडक्यावरूनच तो चाचपला, मागच्या भोकात बोट घातलं आणि इतके खूश झाले, की त्या क्षणी काही सांगायचं मला जमलं नाही. उद्या सकाळी, असं ठरवून झोपले.

सकाळी अंगणात सतरंजी घातली. आजोबांनी हत्यारं मांडली, लहानापासून मोठ्यापर्यंत, कारखान्यातल्यासारखी ओळीत. मधोमध वडिलांचा पाना. पूजेची थाळी माझ्या हातात होती. मी एकेकावर हळदीचं बोट, कुंकवाचं बोट असं लावत गेले आणि वडिलांच्या पान्यापाशी आल्यावर त्या डब्ल्यूवर हळदीचा चांगला गोळाच दाबला. वर थोडी आणखी. मग झेंडूचं फूल ठेवलं. फूल घरंगळलं, म्हणून पुन्हा हळद.

आजोबा बघत होते.

"एवढी हळद?" ते म्हणाले. "लग्न आहे का त्याचं?"

मी पुढच्या पान्याला कुंकू लावायला घेतलं. त्यांनी पाना उचलला, धोतराच्या सोग्याने हळद पुसली आणि खिडकीपाशी नेतात तसा तिरका धरला. आता त्यांना नवीन डोळ्याने सगळं दिसत होतं.

"हा हिरवा कसला?"

मी थाळी खाली ठेवली आणि सांगून टाकलं. एक्केचाळीस, बेचाळीस, मावशी, मिस्तरी, सगळं. गाळणंसुद्धा. ते पाना दोन्ही हातांत धरून ऐकत होते आणि त्यांचा अंगठा त्या भोकावरून फिरत होता. आपण दिलेली वस्तू खरोखर गेली असती तर काय झालं असतं, ते मला त्यांच्या अंगठ्याकडे बघून तेव्हा नीट कळलं.

"पण दिलास का?" त्यांनी हळू आवाजात विचारलं. "मला विचारायचंस."

"चुकीचा आहे असं त्यावरच लिहिलं होतं."

"कुठे?"

"डब्ल्यू."

त्यांना समजायला थोडा वेळ लागला. त्यांनी पान्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पूजेसाठी तुळशीपाशी ठेवलेल्या माझ्या वहीकडे आणि लाल पेनाकडे. आणि मग असे हसायला लागले, की सतरंजीवर बसले, डोळ्यांतून पाणी आलं आणि मी "चोळू नका, चोळू नका, डॉक्टरांनी सांगितलंय" म्हणत त्यांचे हात धरून बसले.

हसणं थांबल्यावर म्हणाले, "मी आठ वर्षांचा होतो. वडील इंजिनावर वाकलेले. म्हणाले, चार सुताचा आण. मी शाळेतली पट्टी काढली, सगळ्या पान्यांची तोंडं मोजली आणि बरोबर अर्ध्या इंचाचा नेऊन दिला. अशी एक बसली कानाखाली! म्हणाले, पट्टी शाळेत ठेवायची."

"हे मला आधी सांगायचं होतंत."

"तूच म्हणालीस, मी काय फूटपट्टी आज बघतेय." ते परत हसायला लागले. मग मी वाट बघत होते तेच त्यांनी केलं. वही मागितली, बेचाळीस नंबरवर बोट ठेवलं आणि मला लाल पेन दिलं. "दुरुस्ती करा, बाई. पाच वेळा लिहा."

मी मुलांना दहा वेळा लिहायला लावायचे, म्हणजे ही सवलतच होती. लिहायला बसले तोवर मळ्यात जायची वेळ झाली, म्हणून तीन ओळी झाल्यावर वही पिशवीत टाकली.

पुढचं तुम्ही फोनवर पाहिलंत. जे दिसलं नसेल ते सांगते. मिस्तरी हँडलपाशी उभा होता आणि आधी माझ्याकडे बघत होता. मी 'सांगितलं' अशी मान हलवली, तेव्हा त्याने श्वास सोडला. आजोबांनी हेडचे नट एकेक करून स्वतः आवळले. पाना प्रत्येक नटावर खटकन बसत होता. मध्ये एकदा हात मागे करून, मान न वळवता म्हणाले, "डब्ल्यू, जरा फडकं दे." तेच तुम्ही ऐकलंत, आणि इंजिन लागल्यावर मला विचारलंत. मिस्तरी खोकल्याचं नाटक करत पाठमोरा झाला. मग त्याने हँडल मारलं. पहिल्यांदा नुसताच सुस्कारा निघाला, दुसऱ्यांदा काळा धूर, आणि तिसऱ्यांदा टुक्... टुक्... टुक्... असं ते लागलं. हेडमधून दाब सुटत नव्हता. आजोबांनी पान्याचं टोक इंजिनाला आणि दांडा स्वतःच्या कानाला लावून ऐकलं. मलाही ऐकवलं. लोखंडातून तो आवाज छातीत येतो, फोनमधून येत नाही. त्यासाठी तुम्हाला यावं लागेल.

उरलेल्या दोन ओळी मी तिथेच विहिरीच्या कठड्यावर बसून लिहिल्या. कठडा हादरत होता, म्हणून अक्षर वाकडं आलंय. जुन्या इंग्लिश पान्याचं नाव बोल्टावरून असतं, तोंडावरून नव्हे. त्याच्याशेजारी समासात, आजोबांनी माझ्या हातातून पेन ओढून घेऊन, लाल शाईने लिहिलंय: दुरुस्ती पाहिली. आणि खाली त्यांना येतो तसला, एक बाजू लांबलेला, डब्ल्यू.

नोंद आता अशी आहे. बेचाळीस. चार सुताचा पाना, एका तोंडाचा, मागे भोक. खूण: अर्धा, डब्ल्यू, हिरवा. कुठून आला: वडिलांकडून, व्हाया गाळणं. शेरा: योग्य.

हिरवा तसाच ठेव, आजोबा म्हणतात. त्यावरून ओळखू येईल, म्हणजे पाना पुन्हा कधी हरवणार नाही.